होऊ द्या तुमचं

बसा पावणं. घाटातली दरड निघायला अजून वेळ लागेल. लाईट गेलीय, पण चुलीवर चहा टाकलाय. खुर्ची तेवढी इकडे कंदिलापाशी घ्या, त्या डब्याला टेकून बसू नका. हो, गाडीचाच डबा आहे तो, मेट्रोचा. जमिनीखालून धावते ना, ती. डिंगोऱ्यात मेट्रो कशी आली म्हणून सगळेच हसतात. मीही हसले होते.

आमची लेक अक्षदा मोठ्या शहरात नोकरीला. रोज त्या भुयारी गाडीनं ऑफिसला जायची. तिकडचे जुने डबे भंगारात काढलेत, असं तिनंच एकदा फोनवर सांगितलं आणि आमच्या ह्यांच्या, सुदर्शनच्या, डोक्यात हॉटेल शिरलं. रस्त्याकडेला रान आहेच. डबा आणून ठेवायचा, आत टेबलं लावायची, माळशेजला जाणारी पोरं निदान फोटो काढायला तरी थांबतील. ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला क्रेन लागते. डब्यालाही ती लागलीच.

लांबलचक ट्रेलरवरून डबा आला तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर होतं. माझ्या सासूनं, बयाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला, नारळ फोडला. त्यांना मी आत्या म्हणायची. दारावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "गार हाय गं. एवढ्या उन्हात बी गार. ह्यानं जन्मात ऊन बघितलं न्हाई वाटतं."

खरंच होतं ते. डब्याचं सगळं आयुष्य भुयारात गेलेलं.

पुढे आत्यांना त्या डब्याचा लळाच लागला. दिवेलागणीला ताट घेऊन तिथं जाऊन बसायच्या. मी चिडायची. घरात काय जागा कमी पडते का? तर म्हणायच्या, "आत वारं लई ग्वाड येतंय." पण वारं येणार कुठून? खिडक्या बंद काचेच्या, दारं गंजून जाम झालेली. एकच काय ते उघडायचं.

एका संध्याकाळी मी त्यांना कालवण द्यायला गेले. पायरीवरच मला तो वारा लागला. कोमट होता आणि जळक्या लोखंडाचा वास होता त्याला. लांबून काहीतरी येतंय आणि हवा पुढे ढकलतंय, तसा. आत्या मधल्या बाकावर ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि समोरच्या रिकाम्या टोकाकडे बघून म्हणाल्या, "या पावणं, जेवायला."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आपण जेवत असताना दारात कुणीही आलं तरी 'या जेवायला' म्हणायचं आणि आलेल्यानं म्हणायचं, 'होऊ द्या तुमचं.' तेवढ्यावर भागतं. बोलावणाऱ्याचा मान राहतो आणि ताटात कुणी हात घालत नाही.

"कुणाला बोलावताय, आत्या?"

"ही काय... उभी हायेत. लई दमल्याली दिसत्यात."

डब्यात कुणी नव्हतं. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कांद्याच्या रानावर अजून उजेड होता, येताना मी पाहिला होता. आतून मात्र काच काळीकुट्ट होती. आणि त्या काचेत गर्दी होती. खांद्याला खांदा लावून, दांडे धरून, माना खाली घालून उभी असलेली माणसं. त्यांच्या मधोमध मी, कालवणाचं पातेलं हातात धरून.

मी आत्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. त्यांचं ताट पुसल्यासारखं लख्ख होतं. म्हणाल्या, "मी अजून घास बी घेतला न्हाई." आणि खूश होत्या.

"अहो, शहरातली माणसं ती. त्यांना 'होऊ द्या' म्हणायचं कुणी शिकवलंय? तुम्ही बोलावलंत, ती जेवली."

"जेवली म्हून तर मला बी बोलावलंय त्यांनी. त्यांच्याकडं."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"आपलं खाऊन बोलावत्यात, तर न्हाई कसं म्हनावं? येते म्हनलं..."

मी डब्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आत्या घरात नव्हत्या. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं, तर त्या मधल्या बाकावर बसलेल्या, मांडीवर ताट, अंग थंड पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेलही. पण त्यांचे अनवाणी तळवे काळे झाले होते, लोखंडाच्या बारीक भुकटीनं. आमच्या रानात तेव्हा घोट्याएवढा चिखल होता, त्याचा एक ठिपका पायाला नव्हता. मी फार रडले. दिवसभर भांडायला मला त्याच तर होत्या.

दहाव्याला अक्षदा आली. परत जाताना मी तिला बजावलं, गाडीत कुणी जेवायला बोलावलं तर 'होऊ द्या तुमचं' म्हण. ती हसली. "मेट्रोत जेवायला बंदी आहे, आई."

गेल्या आठवड्यात, अशाच वेळेला तिचा फोन आला. मागे गाडीची घरघर होती.

"आई, समोर एक म्हातारी बसलीय. अगदी आजीसारखी. ताट घेऊन जेवतेय... कुणी बघतही नाहीये तिच्याकडे."

"अक्षदा, उतर. पुढच्या स्टेशनला उतर."

"आई... तिनं भाकरीचा पापुद्रा काढला. मला देतेय."

लहानपणापासून आमची पोर भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा आवडीनं खायची. आत्या स्वतःच्या भाकरीचाही काढून तिला द्यायच्या.

"होऊ द्या तुमचं म्हण! अक्षदा, म्हण लवकर!"

"अगं, आजीला असं कुणी म्हणतं का?" तिच्या आवाजात हसू होतं आणि रडूही. मग दारं मिटल्याचा आवाज आला आणि रेंज गेली.

मी ओट्यावर उभी होते. समोर रानात हा डबा. वीज अजून जोडलेली नाही त्याला. त्याची जाम झालेली सगळी दारं एकदम उघडली... आणि मिटली.

कॅमेऱ्यात ती गाडीत चढताना दिसते म्हणे. उतरताना कुठल्याच स्टेशनावर दिसत नाही. आमचे हे तिकडेच आहेत, तिला शोधत रोज एकेका स्टेशनावर उभे राहतात. आणि मी डब्याचं कुलूप काढलंय. दिवेलागणीला आत ताटं वाढते आणि इथं बसून हाक मारते, या जेवायला. त्यांच्या बोलावण्यावर गेली ना माझी पोर, मग माझ्या बोलावण्यावर परत का येणार नाही? काल एका भाकरीचा पापुद्रा नव्हता.

का हो, उठलात का?

आतून तुम्हाला कुणी जेवायला बोलावलं? आत्ता? मग म्हणा पटकन, होऊ द्या तुमचं. मोठ्यानं म्हणा... हं. झालं, घाबरू नका. गाड्याही सुटल्या बघा, निघा तुम्ही.

मला नाही असं म्हणता यायचं. मी जाणार आहे आत. फक्त एवढं सांगून जा, पावणं... आवाज म्हातारीचा होता, की पोरीचा?