मी बिघडवलेलं एकच इंजिन

त्यानं दोर इतका सुरेख फेकला, की तो झेलल्यावर मला माझंच कौतुक वाटलं. मग बघते तर काय – दोराचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं... तेही माझ्याच पायाशी! अख्खा दोर आमच्या धक्क्यावर, आणि त्याची बोट निघाली आरामात मागे मागे.

"अहो, दुसरं टोक बोटीला बांधायचं असतं!" मी ओरडले.

"माहीत आहे!" तोही ओरडला.

"मग बांधलं का नाहीत?"

तो कानापर्यंत लाल झालेला मला एवढ्या लांबूनही दिसला. मी दोर परत फेकला, त्यानं तो नीट बांधला, आणि एकदाची बोट धक्क्याला लागली. मी मनात म्हटलं, आले आणखी एक हौशी खलाशी! आता यांचं इंजिन तरी धड असू दे म्हणजे मिळवलं.

इंजिनं हे माझं खातं. आत्या मरीना चालवते आणि मी इंजिनं दुरुस्त करते. मरीना म्हणजे काय तर चौदा बोटींची जागा, एक तरंगता लाकडी धक्का, डिझेलचा पंप, माझं पत्र्याचं वर्कशॉप आणि आत्याचं ऑफिस. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, आणि पुढचं बंदर गाठायचं तर बोटीनं अख्खा दिवस जातो. त्यामुळे या किनाऱ्यावर वाईट इंजिन म्हणजे जिवाशी खेळ. लोक म्हणतात, मिस्त्रीणबाईंनी हात लावला की इंजिन वर्षभर कुरकुरत नाही. मला याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

तर हा पाहुणा निघाला सुतार. बोटीवरच राहायचा, किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचा. वाटेत लहान मरीना लागली की दोन-तीन आठवडे थांबायचा, मोडकं-तोडकं दुरुस्त करून द्यायचा आणि पुढे निघायचा. त्या बदल्यात बोटीला जागा आणि आंघोळीला गरम पाणी, एवढंच त्याचं मागणं. आमच्या धक्क्याच्या निम्म्या फळ्या कुजल्या होत्या. आत्यानं त्याला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. आणि हा आगाऊ माणूस दुसऱ्याच दिवशी माझ्या आत्याला "आत्या" म्हणायला लागला!

"तुमची कशी हो आत्या?" मी विचारलं.

"मग काय म्हणू? मॅडम?"

"म्हणून तर बघा. उद्या सकाळी बोट पाण्याखाली असेल," आतून आत्या म्हणाली.

मला तो आवडायला नको होता. खरंच सांगते. तीन आठवड्यांनी जाणाऱ्या माणसात जीव गुंतवण्याइतकी मी खुळी नव्हते. पण सकाळी वर्कशॉपचं दार उघडलं की डिझेलच्या वासात ताज्या कापलेल्या लाकडाचा वास मिसळून यायचा, आणि मी उगाचच दारात दोन मिनिटं जास्त उभी राहायचे. दुपारी पावसाची भुरभुर आली की तो पळत माझ्या पत्र्याखाली यायचा. केसांत भुसा, भुवईवर भुसा... आणि मी "आधी झटका तो भुसा, माझ्या इंजिनात जाईल!" म्हणून ओरडायचे. तो बाहेर जाऊन झटकायचा आणि आणखी भिजून यायचा. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी 'अहो'चं 'अरे' झालं. आधी कुणी केलं? त्याचं म्हणणं, मी. साफ खोटं आहे.

अशाच एका भुरभुरीत मी विचारलं, "एक सांग. इतकी वर्षं बोट चालवतोस. मग त्या दिवशी दोर का नाही बांधलास?"

"बांधतच होतो. तेवढ्यात धक्क्यावर कुणीतरी आलं."

"कोण?"

"एक मुलगी. गालाला हे एवढं ग्रीस. दोन्ही हात वर करून 'फेका, फेका' म्हणून ओरडत होती..." तो पावसाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "मग मी फेकला."

मी हातातला पाना पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. तरी पुसत राहिले.

"मिस्त्री," तो म्हणाला, "झिजेल तो."

"तुझं काय जातंय?"

एवढंच. याच्या पुढे दोघांचीही गाडी कधी गेली नाही. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर आम्ही बोलायचो, भांडायचो. नेमकं जे बोलायचं, तिथे आले की मी मूग गिळून बसायचे, आणि तो म्हणायचा, "चला, फळ्या वाट बघतायत."

आणि फळ्या संपल्या. शेवटची फळी ठोकून झाली तेव्हा आत्यानं तिच्यावर उड्या मारून बघितल्या आणि म्हणाली, "छान झालंय." त्याला थांब म्हणायचीही सोय नव्हती. पुढच्या बंदरातल्या म्हातारबुवांचा अर्धा धक्का वादळात गेला होता. बुवा एकटेच. यानं त्यांना शब्द दिला होता, आणि शब्द दिला की दिला – तेच तर मला त्याच्यात आवडायचं!

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याचं इंजिन तपासायला बोटीवर गेले. तेल बदललं, फिल्टर बदलला. तो समोर पायरीवर बसून बघत होता.

"उद्या किती वाजता?" मी विचारलं.

"नऊ. पाणी शांत झालं की. आत्यांच्या हातचा चहा घेऊन."

"बरं."

"काही... म्हणायचंय का तुला?"

"नाही. म्हणजे... तेल बघत जा अधूनमधून."

"बघेन."

तो उठला आणि पाण्याची टाकी भरायला धक्क्यावर गेला. मी एकटी उरले. हातात पाना होता, आणि समोर फिल्टरवरचा तो छोटा स्क्रू.

तो स्क्रू हवा काढण्यासाठी असतो. घट्ट असला तर काही त्रास नाही. जरासा ढिला राहिला की डिझेलबरोबर हवा आत जाते. इंजिन मजेत सुरू होतं, आठ-दहा मिनिटं चालतं, मग खोकतं आणि बंद पडतं. मी तो अर्धा फेरा ढिला केला. मी! नऊ वाजता तो इंजिन सुरू करणार, गरम व्हायला ठेवून आत्याकडे चहा घेणार, तेवढ्यात इंजिन धक्क्यालाच बंद पडणार. मग मी जाऊन कपाळाला आठ्या घालून म्हणणार, "आज काही निघता येणार नाही बाबा." एक दिवस मिळेल. त्या एका दिवसात मी बोलेन. प्रेमात पडलेल्या मिस्त्रीला याहून शहाणं काही सुचत नाही, काय करणार!

सकाळी सहाला मी दात घासत होते, आणि मला इंजिनाचा आवाज आला. त्याचंच. आवाजावरून मी चौदाच्या चौदा बोटी ओळखते, आणि ही पंधरावी तर...

आत्या दारात आली. "अगं, तो निघाला बघ! खिडकीतून मला हात केला आणि गेला. चहासुद्धा नाही. आणि या असल्या ओहोटीत कशाला मरायला निघालाय?"

माझ्या तोंडचा फेस तोंडातच राहिला. आमच्या बंदराचं तोंड अरुंद आहे. ओहोटीचं पाणी तिथून ओढ घेऊन बाहेर पडतं आणि नेमकं काळ्या खडकावर आपटतं. इंजिन चालू असलं तर काही भीती नाही. बंद पडलं तर शिडं हवीत, आणि सकाळी सहाला आमच्याकडे वाऱ्याचं नाव नसतं.

मी फोन लावला. वाजत राहिला.

"आत्या, कामाची बोट काढ!"

"आता कशाला? गेला तो. जाऊ दे."

"आत्या, त्याचं इंजिन बंद पडणार आहे!"

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. ती काही कालची नाही. तिनं किल्ली उचलली.

आम्ही बंदराच्या तोंडाजवळच्या वळणावर पोचलो तेव्हा पुढून त्याचा आवाज येत होता. ढक-ढक-ढक. मग मध्येच एक ठोका चुकला. मग दोन. मग काहीच नाही. आयुष्यात हजार इंजिनं बंद पडलेली ऐकलीत मी, पण त्या दिवशी काळजाचं पाणी झालं. त्यानं नांगर टाकलेला दिसला, पण तळाला नुसता गुळगुळीत खडक. नांगर घसरत होता, आणि बोट आडवी होऊन काळ्या खडकाकडे सरकत होती. तो मागच्या टोकाला लांब बांबू घेऊन उभा होता. बांबूनं काय होणार होतं!

आत्यानं आमची बोट मध्ये घातली. मी दोर फेकला, त्यानं बांधला, आणि आत्यानं इंजिन असं काही पिळलं की आमच्याच बोटीचा पत्रा थरथरला. खडकावरचे शिंपले एकेक करून दिसत होते, इतका तो जवळ होता. मग हळूहळू... दिसेनासे झाले. बाहेरच्या मोकळ्या पाण्यात आलो तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मी उडी मारून त्याच्या बोटीवर गेले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो हसत होता.

"मिस्त्री! कमाल आहेस तू! इतक्या लांबून नुसत्या आवाजावरून कळलं तुला?"

'हो' म्हणायचं होतं. एवढंच. आत्या मुद्दाम दुसरीकडे बघत होती, तीही काही बोलली नसती. अख्ख्या किनाऱ्यानं वर्षभर माझं कौतुक केलं असतं.

"आवाजावरून नाही," मी म्हटलं. "मीच केलंय ते. काल संध्याकाळी."

"काय केलंयस?"

"हवेचा स्क्रू ढिला केला. मुद्दाम."

त्याचं हसू गेलं. "का?"

"तू जाऊ नयेस म्हणून! एक दिवस, फक्त एक दिवस हवा होता मला. धक्क्यालाच बंद पडणार होतं ते, नऊ वाजता. तू सहाला कशाला निघालास?"

"मी खडकावर गेलो असतो."

"हो."

"ही बोट म्हणजे माझं घर आहे, मिस्त्री. आणि इंजिनाचं म्हणशील तर... तू हात लावलास म्हणून मी परत बघितलंसुद्धा नाही."

याच्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली उतरले, पाना काढला आणि कामाला लागले. आधी इंजिन, मग रडगाणं. तो येऊन शेजारी बसला. चिंधी पुढे करत होता, बॅटरी धरत होता. स्क्रूच्या कडेनं बुडबुडे आले, मग कमी झाले, मग निव्वळ डिझेल आलं. मी स्क्रू घट्ट आवळला. त्यानं बटण दाबलं, आणि इंजिन सुरू झालं.

"मी सहाला का निघालो, विचार," तो म्हणाला.

"का?"

"नऊला तू धक्क्यावर आली असतीस. मग मी गेलोच नसतो. आणि तिकडे बुवा वाट बघतायत... म्हणून पळालो. चोरासारखा. एक शब्द न बोलता." त्यानं चिंधीची घडी घातली, परत उलगडली. "तू चुकलीस हे खरं. पण मीही काही शहाणा नाही."

"मग आता बोल."

"तू आधी."

"अरे, मी माझ्या हातानं इंजिन बिघडवलंय! आणखी किती स्पष्ट सांगू?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "मला तू आवडतेस. इतकी, की पुढचं बंदर नकोसं झालंय. बोटीवरच्या तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"मलाही..." माझा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मलाही तू हवा आहेस. नुसत्या एका दिवसापुरता नाही."

"अगं ए!" शेजारच्या बोटीतून आत्या ओरडली. "मी चहाखालचा गॅस तसाच चालू ठेवून आलेय! इंजिनाचं बोलताय की लग्नाचं?"

"आत्या, बुवांचं दहा दिवसांचं काम आहे!" तो ओरडून म्हणाला. "अकराव्या दिवशी मी परत येतो!"

"बाराव्या दिवशी मी येईन तुला न्यायला, लक्षात ठेव!"

मी पाना त्याच्यासमोर धरला. "निघायच्या आधी तो स्क्रू तपासून घे. तुझ्या हातानं. आज तरी माझ्यावर विसंबू नकोस."

"घट्ट केलास ना?"

"हो."

"हवा सगळी काढलीस?"

"काढली."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्यानं इंजिनावरचं झाकण लावून टाकलं.

मी आत्याच्या बोटीवर परत आले. दोर सुटला. समोर अख्ख्या दिवसाचा समुद्र होता, आणि तो न तपासताच निघाला. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.