नगरसेवकाची अक्कलदाढ

क्लिनिकच्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं आणि माझा पेशंट आ वासून खुर्चीत बसला होता. मी तणतणत बाहेर आले. गल्लीच्या कोपऱ्यावर खणलेल्या खड्ड्यात एक माणूस बाह्या सारून, गुडघाभर चिखलात उभा होता.

"अहो, अजून किती वेळ? आणि तो तुमचा नगरसेवक कुठे झोपलाय?"

त्यानं वर पाहिलं. गालावर चिखलाचा शिंतोडा... आणि डोळे हसरे.

"झोपला नाहीये, मॅडम. खड्ड्यात उभा आहे."

मी जीभ चावली.

त्याचं पाइप आणि नळांचं दुकान होतं. अडीनडीला धावून येतो म्हणून वस्तीनंच त्याला निवडणुकीला उभं केलं होतं, आणि निवडूनही आणलं होतं.

पुढे काही दिवसांनी स्वारी गाल धरून माझ्याच दारात.

"अक्कलदाढ काढावी लागेल," मी म्हणाले.

"काढून टाका. राजकारणात अडचणच होते तिची."

इंजेक्शन दिसताच मात्र चेहरा पांढरा पडला.

"सभागृहात एवढे भांडता, आणि सुईला घाबरता?"

"तिथे कोणी सुई घेऊन येत नाही हो..."

दाढ निघाली, पण येणं थांबलं नाही. कधी टाके दाखवायला, कधी टाके नाहीत हे दाखवायला.

"सगळे मला भाऊ म्हणतात," एकदा तो म्हणाला. "तुम्हीच तेवढ्या म्हणत नाही."

"आणि म्हणणारही नाही—" मी बोलून गेले, आणि स्वच्छ आरसा उगाच पुसत राहिले. जाताना तो दारात थांबून वळला.

एका संध्याकाळी आला तो गप्पगप्प. पक्षाकडून नगराध्यक्षपद चालून आलं होतं. अट एकच — आमच्या वस्तीची मंजूर पाइपलाइन आधी टेकडीवरच्या बंगल्यांकडे वळवायची. त्या ठरावाला त्यानं हात वर करायचा.

"पद मिळालं तर पुढे बरंच करता येईल... तुम्हाला काय वाटतं?"

मला खूप काही वाटत होतं.

"मी सांगितलं म्हणून वर केलात, तर तो हात तुमचा कसा?" एवढंच म्हणाले.

सभेच्या दिवशी क्लिनिक बंद ठेवून मी सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसले. ठराव वाचला गेला. एकेक हात वर गेला. त्याचे दोन्ही हात टेबलावरच होते. मग तो उठला.

"लोकांना मी पाण्याचा शब्द दिलाय. माझा विरोध नोंदवा."

आवाज अगदी शांत. सभागृहात चुळबुळ झाली, काही हात हळूच खाली आले... आणि ठराव पडला. वस्तीत पाणी आलं. खुर्ची अर्थातच दुसऱ्याला गेली, आणि पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्याला तिकीटच दिलं नाही.

ते कळलं त्याच दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. तो शिडीवर चढून फळीवरचे नळ पुसत होता.

"या डॉक्टर. आता ना पद, ना मान. नुसता दुकानदार उरलोय."

"बरं झालं. माझ्या आईला राजकारणी जावई नकोच होता."

फडकं हातातून सुटलं.

"जा... जावई?"

"आधी खाली उतरा. पडाल."

तो उतरला. कान लालबुंद.

"कधीपासून मनात होतं... पण हरलेल्या माणसानं काय म्हणून विचारायचं?"

"विचारून तर बघ."

'तू'... पहिल्यांदाच तोंडून निघालं. दोघंही थबकलो.

"करशील माझ्याशी लग्न?" त्यानंही 'तुम्ही' सोडून दिलं होतं.

"शटर ओढ. आई घरीच आहे."

"शर्ट तरी बदलू दे..."

"नको," मी म्हणाले. "असाच चल."