ढोलकी उरली, आवाज गेला

"आजीचा आवाज चोरलाय," निकेश दारातूनच म्हणाला. "आणि चोर कोण ते मला माहीत हाय."

रोहिणी म्हात्रेंनी चहाचा कप खाली ठेवला. पेणमध्ये एका पोह्याच्या गिरणीच्या माडीवर त्यांचं खासगी चौकशीचं ऑफिस होतं. त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. त्यांचे सहकारी दत्तात्रेय तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. टिपणं काढायची आणि बाईंच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. पहिलं त्यांना छान जमे.

"चोर माहीत असेल तर पोलिसांत जा की," दत्तात्रेय म्हणाले.

"पुरावा नाय ना, काका!"

निकेशच्या बोटांना काळा रंग लागलेला होता. गणपतीच्या कारखान्यात तो मूर्तींचे डोळे रंगवायचा. खुर्चीवर टेकून त्याने सगळं सांगितलं. त्याची आजी मैनाबाई ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवला गायल्याशिवाय हळद लागत नसे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता ती नुसती कुजबुजू शकते. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निकेशने तिचा धवला रेकॉर्ड केला, बहिणीच्या, किमयाच्या हळदीसाठी.

"हळद आज संध्याकाळी पाचला, रोह्याला. काल पेनड्राइव्ह साउंडवाल्या रितेशला दिला. सकाळी त्याचा फोन. म्हणतो, यात नुसती ढोलकी हाय, बाईचा आवाज नाय! आणि किमया हटून बसलीय. आजीचा धवला नाय तर मी पाटावर बसणार नाय म्हणते."

"ढोलकी कुठून आली?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"ती मी मागाहून घातली. मोबाइलवर वेगळी रेकॉर्ड केली आणि मिसळली. आजी चिडली, धवल्याला ढोलकी कशाला म्हणून. पण जरा रंगत नको?"

"आणि रितेशने आवाज का काढावा?"

"त्याची आत्या सरू, खांब गावची. तीपण धवलारीण. रेकॉर्डिंग वाजलं नाय तर मान कोणाला? तिला! फाईल बिघडली असती तर सगळंच गेलं असतं. ढोलकी ठेवून फक्त आवाज काढणं हे माणसाचंच काम."

दत्तात्रेयांना हे शंभर टक्के पटलं. त्यांनी वहीत 'रितेश' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"तुझ्याकडची फाईल ऐकव," रोहिणीबाई म्हणाल्या.

निकेशने मोबाइलला इअरफोन लावून दिला. त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि तो दत्तात्रेयांकडे सरकवला. मैनाबाईंचा आवाज स्वच्छ होता, पण काहीतरी चमत्कारिक होतं. ढोलकी बरोब्बर कपाळाच्या मधोमध वाजत होती. आवाज मात्र नेमका कुठून येतोय ते कळेना. जणू डोक्याच्या बाहेर, दोन्ही अंगांनी.

"गरगरतंय मला," दत्तात्रेय म्हणाले.

"हेसुद्धा लिहून ठेवा, काका. निकेश, रेकॉर्डिंग कशावर केलंस?"

त्याने पिशवीतून मुठीत मावेल असा रेकॉर्डर काढला. "हा मित्राचा. माइक भजनी मंडळाचा. त्यांचा मोठ्या मशीनचा माइक हाय, पण कन्व्हर्टर लावल्यावर बसला यात."

रोहिणीबाईंनी माइकची जाड पिन उपसून उजेडात धरली. तिच्यावर दोन काळी वळी होती.

"काय बघताय?" निकेशने विचारलं.

"वळी मोजतेय," त्या म्हणाल्या. "काका, स्कूटर काढा."

रोह्यात मांडव उभा राहिला होता. रितेश एका जुनाट लॅपटॉपसमोर घामाघूम होऊन बसला होता. पडदा काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी.

"मॅडम, आईशपथ, मी काय केलं नाय. या डब्यावर मोठं सॉफ्टवेअर चालत नाय, म्हणून एफएफएमपेग वापरतो. हुकूम टाइप करायचा, फाईल बदलून मिळते. सकाळपासून पाच प्रकारांनी कन्व्हर्ट केली. एकदापण एरर आली नाय. दरवेळी नुसती ढोलकी!"

रोहिणीबाईंनी वाकून ओळी वाचल्या. पाचही हुकुमांत एक तुकडा सारखा होता: -ac 1.

"हे कशाला?"

"दोन चॅनलचा एक करायला. माझे भोंगे सगळे एकाच लाइनवर. हळदीत स्टिरिओ कोण ऐकतो?"

"आणि न बदललेली, मूळ फाईल?"

"तीपण पेनड्राइव्हवरून थेट सेटवर लावली होती. तेच."

रोहिणीबाईंनी निकेशच्या मोबाइलमधल्या फाईलचा आकार पेनड्राइव्हमधल्या फाईलशी ताडून पाहिला. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा. दत्तात्रेयांनी टोपी काढून डोकं खाजवलं. तीच फाईल पेणमध्ये गाते आणि रोह्यात मुकी होते?

मांडवाच्या कडेला सरूबाई हळद कुटत होत्या. प्रश्न यायच्या आधीच त्या तडकल्या. "मला गायचं असतं तर तोंडावर सांगून गायले असते! मैनानंच शिकवलं मला. तिचा आवाज मी कशाला पुसू गो? उलट सकाळी मी तो ऐकला, त्याच भोंग्यातून."

"आत्या, पुन्हा तेच?" रितेश वैतागला. "लोक हसतात."

"हसू दे. या मेल्याचा पाय अडकला, साउंडच्या पेटीत जाणाऱ्या दोनातली एक वायर निसटली, आणि मैना गायला लागली! यानं वायर खोचली, मैना गप."

"तेव्हा मूळ फाईल चालू होती?" रोहिणीबाईंनी पटकन विचारलं.

"व्हय," रितेश आठवत म्हणाला. "पण मी आचाऱ्याशी बोलत होतो, माझं ध्यान नव्हतं."

रोहिणीबाई हसल्या. दत्तात्रेयांनी वही मिटली. बाई अशा हसल्या की टिपणांची गरज संपलेली असे.

साडेचारला सगळे लॅपटॉपभोवती जमले. किमया पिवळ्या साडीत, हाताची घडी घालून. मैनाबाई खुर्चीत. निकेश रितेशकडे डोळे वटारून.

"कुणी काही चोरलेलं नाही," रोहिणीबाईंनी सुरुवात केली. "निकेश म्हणतो आवाज होता, रितेश म्हणतो नव्हता. फाईल एकच आहे, म्हणजे दोघंही खरं बोलतायत. फरक फक्त ऐकण्यात. निकेशने इअरफोनवर ऐकलं, एका कानाला एक चॅनल. इथे दोन्ही चॅनल एकत्र होतात, सेटवरही आणि रितेशच्या प्रत्येक हुकुमातही."

"एकत्र झाले तर आवाज वाढायला हवा ना?" दत्तात्रेय म्हणाले.

"एका दाराला दोघांनी एकाच बाजूने रेटलं तर वाढेल. एकाने आतून आणि दुसऱ्याने बाहेरून, तेवढ्याच जोराने रेटलं तर?"

"दार जागचं हलणार नाय," रितेश म्हणाला.

"तेच झालं. भजनी मंडळाचा माइक आवाज दोन तारांतून पाठवतो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. मोठं मशीन ते ओळखतं. पिनेवरची दोन वळी त्याचीच खूण. हा छोटा रेकॉर्डर मात्र दोन तारा म्हणजे डावा आणि उजवा कान समजला. म्हणून काकांना गरगरलं. दोन्ही चॅनल एकत्र केले की सुलटा आणि उलटा एकमेकांना खातात."

"मग ढोलकी कशी वाचली?" निकेशने विचारलं.

"ती मोबाइलवरची, तू मागाहून घातलेली. दोन्हीकडे सुलटी. आणि सरूबाईंनी ऐकलं तेही खरं. वायर निसटली, दाराचा एक माणूस बाजूला झाला, दार उघडलं."

सरूबाईंनी भाच्याच्या पाठीत एक धपका घातला. "हसतात म्हणे लोक!"

"म्हणजे मी नुसता डावा चॅनल घेतो," रितेशने कीबोर्ड ओढला.

"घे. मग आवाजही मिळेल आणि ढोलकीही. पण डाव्यातून उजवा वजा केलास तर दोन्हीकडे सारखी असलेली ढोलकी खोडली जाईल आणि नुसता आवाज राहील. मैनाबाई, काय हवं?"

मैनाबाईंनी नातवाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी पुसून टाकल्याची खूण केली.

"आजी! दोन दिवस वाजवली मी ती!"

"वजा कर," किमया रितेशला म्हणाली.

रितेशने हुकूम टाइप केला. ओळी सरसर वर गेल्या. पाचला दहा मिनिटं असताना भोंग्यातून मैनाबाईंचा एकटा, भरदार आवाज निघाला आणि गल्लीतल्या बायका होत्या तिथे थांबल्या. निकेशने रितेशच्या खांद्यावर हात टाकला, जरा ओशाळून. किमया पाटावर जाऊन बसली.

मैनाबाईंनी सरूबाईंना जवळ ओढलं. "तिसऱ्या कडव्यात श्वास चुकला माझा," त्या कुजबुजल्या. "पुन्हा रेकॉर्ड करायला पायजे होतं."

"गप बस गो," सरूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पोरीला हळद लागतेय."