रिकाम्या ऑफिसातला माणूस

मंगळवारी सकाळी दहा वाजता ओलीटा बर्कहॉल्टरनं दोनशे सात नंबरचं दार उघडलं. आधी कोंडलेली गरम हवा अंगावर आली. मग वास.

दाराशीच एक म्हातारा पडला होता. टाय नीट बांधलेला. उजव्या हाताची बोटं सोललेली. दारावर आतल्या बाजूनं वाळलेल्या रक्ताचे डाग.

ओलीटा ओरडली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून तिनं डेप्युटी शेरिफ बॉइड लॅसिटरला फोन लावला.

पूर्व टेक्सासातल्या क्लेमन्स फेरीत, कोर्टासमोरच्या या इमारतीत, वरच्या मजल्यावर बारा ऑफिसं होती आणि माणूस एकही नव्हता. या कोर्टात पेटंटवाल्यांची बाजू सहसा वर राहते. गावात पत्ता असला की खटला इथे लावणं सोपं जातं, म्हणून दूरच्या कंपन्या एक दार आणि एक पाटी भाड्यानं घेत. त्यातल्या अकरा कंपन्यांनी निवृत्त ग्रंथपाल ओलीटाला ठेवलं होतं. दर मंगळवारी यायचं, दिवे लावायचे, टपाल उचलायचं, वहीत सही करायची. ‘इथे कामकाज चालतं’ असं सांगायला तेवढं पुरे होई. बारावी कंपनी, दोनशे बाराची ‘काइट हॉलो’, महिन्यापूर्वी टपालानंच भाडेकरार करून आली होती. तिला फक्त पाटी हवी होती. सगळ्या दारांना मालकानं एकच किल्ली ठेवली होती. आत चोरण्यासारखं होतं काय?

“ओळखता याला, मिस ओलीटा?” बॉइडनं विचारलं.

“वेन्डेल हास. पेपरात फोटो होता. काल याची साक्ष होती.”

“गुरुवारी मोटेलमधून गेला तो गेलाच. गुरुवारी कोंडलं असणार. एसी बंद, खिडकी न उघडणारी. या कुलपाला आतूनही किल्लीच लागते.” बॉइडनं सोललेल्या बोटांकडे पाहिलं. “बराच वेळ ठोठावलंय यानं.”

ओलीटानं मान फिरवली. मजल्यावर ऐकायला कोणीच नव्हतं.

साक्ष कशाची, हे तिला चांगलंच माहीत होतं. मार्लिस क्वेडची नऊ माणसांची छोटी कंपनी एक सॉफ्टवेअर बनवत होती. पक्षाघातानं वाचा गेलेला माणूस डोळ्यांनी अक्षरं निवडी आणि यंत्र त्याच्या वतीनं बोले. ओलीटाचा नवरा हॉलिस दोन वर्षं तसाच बोलत होता. दोनशे सातवाल्या ‘टॅलो क्रीक’नं पेटंट पुढे करून ते सॉफ्टवेअर बंद पाडायचा दावा लावला होता. तिच्यामागे अवाढव्य ‘कोर्व्हेन’ कंपनी आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. पण तेच तंत्र वेन्डेलनं १९९८ सालीच मुक्या बायकोसाठी लिहिलं होतं आणि काउंटीच्या जत्रेत लोकांना फुकट वाटलं होतं. तारखांची, साक्षीदारांच्या सह्यांची वही त्याच्याजवळ होती. आधीपासून सर्वांच्या वापरात असलेल्या गोष्टीवर कोणाला पेटंट सांगता येत नाही. ती वही कोर्टात उघडली असती तर हॉलिसचा आवाज वाचला असता.

वही खोलीत नव्हती.

दुपारी बॉइडनं टॅलो क्रीकच्या वकिलाला, प्रेस्टन योकमला बोलावलं. ओलीटा जबाब द्यायला आली होती. ती कोपऱ्यात बसून राहिली.

“म्हातारा तुला नडत होता, प्रेस्टन.”

“नडत होता.”

“किल्ली तुझ्याकडे.”

“आहे. म्हणून मी त्याला माझ्याच अशिलाच्या ऑफिसात मारीन? बॉइड, दर मंगळवारी ही बाई ते दार उघडते. तिचा पगार मी देतो. एवढा गाढव दिसतो का मी?”

“लबाड दिसतोस.”

“ते वेगळं,” योकम म्हणाला.

त्यानंतर मार्लिस आली. डोळे सुजलेले. “ते घाबरून पळाले असं वाटलं मला. साक्षीदारच नाही म्हटल्यावर काय करणार? काल दुपारी तडजोडीवर सही केली.”

ओलीटानं घसा खाकरला. “मिस मार्लिस, खटला इथून हलवायला, दोनशे सात रिकामं असतं असं प्रतिज्ञापत्र तुम्ही दिलं होतंत ना? जूनमध्ये?”

“हो. पाच दिवस समोर गाडीत बसून पाहिलं. सोमवार ते शुक्रवार.”

“मंगळवारी कोण आलं?”

“चिटपाखरूसुद्धा नाही.”

ओलीटानं मान डोलावली आणि पर्स उचलून ती निघाली. बॉइड तिच्याकडे पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातात एक कागद घेऊन आली. योकम आणि मार्लिसला बॉइडनं पुन्हा बसवलं होतं.

“माझं चुकत असेल,” ओलीटा म्हणाली. “पण गुरुवारी ज्यानं दार लावलं, त्याला वाटत होतं की ते कधीच कोणी उघडत नाही. मिस्टर योकमना मंगळवार ठाऊक आहे. तेव्हा ते नव्हेत. मंगळवार ठाऊक नसलेला माणूस दुसऱ्या बाजूचा. मिस मार्लिस, त्या मंगळवारी मी आले होते, पुढच्या दारानंच. माझ्या वहीत सही आहे. तुम्ही पाच दिवस बसलाच नव्हता. मनानं लिहिलंत, आणि स्वतःच लिहिलेल्यावर विश्वास ठेवलात.”

“काय वेडेपणा आहे! तो माझा साक्षीदार होता!” मार्लिस रडू लागली.

“त्याला तुमच्या वकिलानं शोधलं. तुम्ही नाही.” ओलीटानं कागद पुढे केला. “हे सरकारी नोंदणीतून काढलंय. कोणालाही पाहता येतं. दोनशे बाराच्या काइट हॉलोकडे एकच पेटंट आहे. वेन्डेलचंच तंत्र, थोडं फिरवून. मालक कोण ते कंपनीच्या पाटीमागे लपवता येतं. पण शोध कोणी लावला त्याचं नाव अर्जावर खरंच द्यावं लागतं. वाच, बॉइड.”

“मार्लिस क्वेड,” बॉइडनं वाचलं.

“ती वही कोर्टात उघडली असती तर कोर्व्हेनचं पेटंट मेलं असतं, आणि यांचंही. मग विकायला काही उरलं नसतं. दोघांची पेटंटं एकत्र करून बाकी सगळ्यांना बाहेर ठेवायचं, हीच सोमवारची तडजोड ना, मिस्टर योकम?”

योकमनं बुटांकडे पाहिलं. “ती गोपनीय आहे.”

“समेटाची बैठक आहे, वही घेऊन या, एवढं सांगितलं असेल तुम्ही. तो टाय बांधून आला. दोनशे बाराची किल्ली दोनशे सातलाही लागते. वही आणि फोन काढून घेऊन तुम्ही बाहेरून दार लावलंत. आणि प्रेत सापडलंच तर कोर्व्हेनच्या माथी.”

बॉइड म्हणाला, “सकाळी तुमच्या परसातली शेगडी उपसली, मॅडम. वहीची पितळी पट्टी आणि त्याचा फोन. दोन्ही अर्धवट जळलेले.”

मार्लिस रडायची थांबली. तिनं ओलीटाकडे अगदी निवांत पाहिलं.

“एक तासात येऊन सोडवणार होते. फोन येत गेले, उशीर झाला. मग आवाज बंद झाला होता. तुम्हाला पटणार नाही.”

“तुम्ही आवाज ऐकलात?”

“दोनशे बारामध्ये बसूनच फोन घेत होते.”

बॉइडनं जबाबाचा कागद ओलीटासमोर ठेवला.

“आता तुम्ही ऐका,” मार्लिस म्हणाली. “वही जळली. मी आत गेले की तडजोड मोडली, कंपनी मोडली. कोर्व्हेन महिन्याभरात सगळी यंत्रं बंद करेल. तुमच्या नवऱ्याचंही. बघा बाई, जबाबावर सही करायची का ते.”

बॉइडनं पेन पुढे केलं नाही. “घरी जाऊन विचार करा, मिस ओलीटा.”

“हॉलिसला विचारूनच आलेय. ‘सांगून टाक’ म्हणाला.” तिनं टेबलावरचं पेन स्वतःच उचललं आणि सही केली.

कोर्टाचा मनाई हुकूम सव्वीस दिवसांनी निघाला. नाश्ता चालू असतानाच हॉलिसच्या यंत्राच्या पडद्यावर पेटंट क्रमांकाची एक ओळ आली आणि अक्षरं गेली. हॉलिसचे डोळे डावीकडे वळले, उजवीकडे वळले, पुन्हा डावीकडे. ओलीटानं पाण्याचा पेला धरला. मग खिडकी उघडली. मग उशी सारखी केली. डोळे फिरतच राहिले. दुपारपर्यंत तो काहीतरी सांगत होता.

मग थांबला.