कुरतड्याचा दात

बाबांना आपल्या तुटक्या दाताची लाज वाटायची, पण तो कसा तुटला हे सांगायची भारी हौस. ऐन उमेदीत सोड्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडायला गेले, आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. यथावकाश तो दात पडला, बाकीचेही पडले, उरलं नुसतं बोळकं. कवळी त्यांना कधी मानवली नाही. लेकीला चिडवायचे, "तुझ्या त्या बशीत एक दात उगवून दाखव. मग म्हणेन, शिकलीस."

लेक पेशींवर संशोधन करायची. हिरडीतल्या स्टेम सेल, म्हणजे पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी, बशीत वाढवायच्या, त्यांच्यातलं कुठलं जनुक कधी जागं करायचं नि कधी झोपवायचं ते जमवायचं, की दात व्हायला हवा. हवा खरा, पण व्हायचा नाही. वर्षानुवर्षं नुसता गोळा. वरचे साहेब लोक तिच्या पाठीमागे हसायचे, आणि यंदा तर त्यांनी बजावलंच होतं, काही दिसलं नाही तर विभाग बंद.

तिच्या पाठीशी एकटा तिचा सहकारी. पाकीट असो की चिकटपट्टी, या माणसाला कात्री कधी लागली नाही, सगळं दातांनी. म्हणून सगळे त्याला कुरतड्या म्हणायचे. ती रोज ओरडायची, तो रोज मान डोलवायचा. पण कामाला हात असा, की पेशीला धक्का लागायचा नाही. आपल्यामागे विभाग यानंच सांभाळायचा, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी आधी विभाग तर टिकायला हवा.

शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी तीन बशा लावल्या. एकीत बाबांच्या पेशी, एकीत तिच्या, एकीत कुरतड्याच्या. या खेपेला तिनं एक जनुक जरा उशिरा जागं केलं, एवढाच काय तो फरक.

कित्येक महिन्यांनी, एका सकाळी, बाबांच्या बशीत दात होता. चांगला मुळासकट. कुरतड्या मजलाभर नाचत सुटला. विभाग बंद करायला निघालेले साहेबच तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. तिला आनंदानं रडू आवरेना.

भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं, दाताचा कोपरा उडालेला होता.

संध्याकाळी तिनं तो बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवून पाहिला.

"हा माझाच," ते म्हणाले. "बाटलीवाला."

अपघात काही पेशींत उतरत नाहीत, असं तिनं त्यांना समजावलं. बाबांनी दात परत दिला आणि उठून आत गेले.

मग तिचा दात आला. पिवळा, झिजून सपाट झालेला, जख्ख म्हातारीच्या तोंडातला. तिनं आरशात पाहिलं, तिचे दात ठणठणीत होते. बाबांचा अंगठा आठवला आणि अंगावर काटा आला. म्हणजे अजून इतकं चावायचंय आपल्याला. इतकी वर्षं! काट्यामागून तिला हसूच फुटलं. त्या दिवशी ती गुणगुणत घरी गेली.

मनात आलेलं कुरतड्याला काही बोलली नाही. उगाच त्यानं वेड्यात काढलं असतं.

तिसरा दात तयार झाला तो दिवस तिच्या सत्काराचा. विभागाचा पुढचा प्रमुख म्हणून कुरतड्याचं नाव ती आज सर्वांसमोर सांगणार होती. तो मात्र तोंडावर हात धरून आला. काल संध्याकाळी नळीचं झाकण दातांनी उघडताना पुढच्या दाताचा टवका उडाला होता. तिनं यथेच्छ सुनावलं.

त्यानं बशी भिंगाखाली सरकवली आणि खूश झाला.

"मॅडम, माझा बघा. तुमच्यासारखा झिजलेला नाही की काही नाही."

तिनं डोळा लावला.

तरणाताठा दात. कडेला टवका. कालचाच.

बाकी एक ओरखडा नव्हता. त्या दाताला कालच्या पुढचं काहीच माहीत नव्हतं.

खाली सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी तिचं नाव पुकारत होतं.

"चला ना, तुमचीच वाट बघतायत," कुरतड्या म्हणाला.

तिनं त्याची बाही घट्ट धरली. तो तिच्याकडे वळून हसला, आणि भिंगाखालचा दात तिला त्याच्या तोंडात दिसला, हुबेहूब तसाच.