अकरा महिने कमी

हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात अपेक्षाने मयूरला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याने साडी नेसली होती. म्हणजे पँटवरूनच! खांद्यावर पदर, कमरेला निऱ्या… गिऱ्हाइकाला साडी दाखवायची तिथल्या विक्रेत्यांची रीतच ती.

"तुम्हालाच शोभतेय, ठेवून घ्या," ती हसू दाबत म्हणाली.

"ठेवतो की! ब्लाउज कोण शिवणार—तुम्ही?"

झालं. त्यानंतर शहाणीसुरती अपेक्षा आठ वेळा त्या दुकानात गेली आणि आठही वेळा काही न घेता परतली.

वर्षभराने दोघं विवाह नोंदणीच्या खिडकीशी उभी होती. रविवारी दादरच्या घरी तिचा साखरपुडा होता, ठाण्याच्या एका मुलाशी. बाबांनी, म्हणजे रमाकांतरावांनी, एवढंच कबूल केलं होतं, "त्याआधी लग्नाची नोटीस देऊन दाखवा, मी आडवा येणार नाही."

खिडकीतल्या बाईंनी मयूरचा शाळेचा दाखला पाहिला. "मुलगा विसाचा आहे. एकवीस पूर्ण लागतात. अकरा महिन्यांनी या."

"अहो, गेल्या महिन्यात एकविसावं पूर्ण झालं! केक मी आणला होता—" अपेक्षा म्हणाली.

मयूरचा चेहरा उतरला. त्याचे आजोबा धोंडू गिरणी कामगार. नातवाला नोकरीत एक वर्ष जास्त मिळावं म्हणून त्यांनी शाळेत वय वर्षाने कमी सांगितलं होतं. जन्म कोकणातल्या घरी झालेला, दुसरा कागद नव्हता. ही तारीख लग्नालाही आडवी येईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मॅडम, मतदान केलंय मी!"

"मतदानाला अठरा, मुलाच्या लग्नाला एकवीस. चला, पुढचे या."

बाहेर येताच मयूर पुटपुटला, "एक ओळखीचा आहे… दाखला बनवून देतो."

"आणि उद्या पकडलं तर? नको रे." अपेक्षाचे डोळे भरून आले होते. तिला खूप भीती वाटत होती, तरी तिने फोन लावला. "बाबा, अकरा महिने थांबावं लागेल. मी थांबणारे. रविवारी मी पाटावर बसणार नाही."

"तू थांबशील गं. तो थांबेल? दुकानात रोज नव्या मुली येतात."

मयूरने फोन घेतला. "काका, मी घरी येतो. फोनवर नको." एरवी हा तिच्या गल्लीच्या तोंडावरूनच मागे फिरायचा!

तासाभराने रमाकांतरावांनी दार अर्धंच उघडलं. "वय काय तुझं?"

मयूरने घाम पुसला. "कागदावर वीस. खोटा कागद करून वाढवणार नाही. अकरा महिने दर रविवारी तुमच्यासमोर येऊन बसेन. एक जरी चुकला, तर हिला तुम्ही म्हणाल तिथे द्या."

"मला कुणी कुठे देणार नाही," अपेक्षा ताडकन म्हणाली. "बावीस वर्षांची आहे मी. चुकला, तर मीच सोडेन याला!"

 

रमाकांतरावांनी दार पूर्ण उघडलं आणि आत बायकोला हाक मारली, "मीनाक्षी, ठाण्याला फोन लाव. रविवारी आपल्याकडे दुसरा पाहुणा येतोय म्हणावं."