भेव म्हंजे ताप

पेढे आणाले म्हणून पंजाबराव त्या दिवशी राळेगावले गेलता.

पंजाबराव म्हंजे माहा साडू, तुमच्या नलू आजीचा नवरा. कपिल, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर, बॅटरी संपन. लाइट काही आता लवकर येत नाही. अर्पिता, तुले खरी गोष्ट पाह्यजे होती ना? मंग ही ऐक. फक्त गावाचं नाव मी सांगणार नाही. राळेगाव तालुक्यातलं हाये, एवढं पुरे.

तारीख मात्र पक्की सांगतो. दोन हजार तेवीस साल, सतरा सप्टेंबर, रविवार. गुरुवारी पोळा झालता. शुक्रवारी पोट्ट्यायनं ओरडत ओरडत मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेला होता, सारी रोगराई घेऊन जा म्हणून. सोमवारी हरतालिका. मधातला हा रविवार.

पेढे कायले, तर त्याच्या पोरीची, दीपाची सोयरीक जमून राह्यली होती. वणीकडचे पाहुणे आलते. पोराचा बाप फुलचंदराव, त्याचा भाऊ अन् मामा. बोलणं संध्याकाळी झालं, पण पक्का शब्द काही दिला नव्हता. पावसापायी मुक्काम पडला. सकाळी चहा घेऊन सांगतो, असं फुलचंदराव म्हणाला.

आता यात एक दुसरा माणूस हाये. ओमोंडी त्याचं नाव. केनियाचा. तिकडंही कापूस पिकते, तिकडंही अळी पडते. एका संस्थेनं त्याले आपल्याकडं आणलं होतं, बोंडअळीचे सापळे वावरात लावून पाहाले. मृगाच्या सुमारास आला. राळेगावात भाड्याच्या खोलीत राहे. उंच, काळाभोर माणूस. पहिल्यांदा गावात आला तं पोट्टे भेवानं पळाले होते अन् म्हाताऱ्या दारं लावत होत्या. मंग सवय झाली. पंजाबरावच्या वावरात त्याचे सापळे होते, म्हणून घरी जाणंयेणं झालं. नलूच्या चुलीपाशी बसून भाकर अन् ठेचा खाये, डोळ्यातून पाणी काढे अन् अजून मागे. पंजाबभाऊ, नलूताई, असं म्हणे. मराठी येत नव्हती, कामापुरते शब्द येत होते. बाकी हिंदी, तीही मोडकी.

शनिवार-रविवार आला की हा खोलीवर राहतच नसे. पाठीवर पिशवी अडकवे अन् भेटन त्या गाडीत बसे. माहूर झालं, कळंबचा चिंतामणी झाला. नलू म्हणे, घरची आठवण येत असन त्याले, म्हणून सुट्टीत खोलीत बसवत नाही. त्याचीही माय होती तिकडं.

त्या शनिवारी तो उमरखेडले गेलता. पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा हाये, पावसाळ्यात तो पाहाले लोकं लांबून येतात. रात्री तिथंच लॉजवर त्याचं अंग तापलं. तरी रविवारी धबधबा पाह्यला, ओला झाला, मोबाईलमधी पाणी गेलं. परतीले यवतमाळपर्यंत कसातरी आला. कळंबले उतरला तं रात्र झालती. राळेगावची एक काळीपिवळी भेटली. तिच्यात त्याले हुडहुडी भरली, अन् उलटी झाली. लोकं म्हणाले, पिऊन हाये. त्यानं हात जोडले, ताप हाये म्हणून सांगतलं, पण त्याचं बोलणं कोणाले समजते? ड्रायव्हरनं गाडी थांबवली अन् त्याले फाट्यावर उतरवून दिलं.

फाटा वळखीचा होता. तिथून पंजाबरावचं गाव जवळ. तो चालत निघाला.

इकडं पंजाबरावच्या घरी जेवणं झालती. दीपानं पाहुण्यायले मोबाईलवर पोळ्याचे फोटो दाखवले. त्यात एकात ओमोंडी होता, बैलाच्या गळ्यात हात टाकून. फुलचंदरावनं विचारलं, हा कोण? दीपानं सांगतलं. फुलचंदराव फोटोकडं पाहत राह्यला, मंग म्हणाला, "असे लोकं घरात घेता काय तुम्ही?"

"नाही नाही," पंजाबराव म्हणाला. "थो वावरातच येते. तिथूनच जाते."

नलू चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. विस्तवावर राख ओढली.

पाहुणे समोरच्या खोलीत निजले. पंजाबरावही त्यायच्यासंगं तिथंच निजला. पावणेबाराच्या सुमारास दारावर थाप पडली.

"पंजाबभाऊ..."

पंजाबराव उठला. खिडकीच्या फटीतून पाह्यलं. वीज चमकली. अंगणात ओमोंडी होता, खांबाले धरून, वाकलेला. कपडे अंगाले चिकटलेले. थरथर कापत होता.

"कोण हाये?" फुलचंदरावनं अंधारातून विचारलं.

पंजाबराव मले म्हणाला, सदाशिवराव, माह्या तोंडात नाव आलतं. जिभेवर होतं. अन् मले तो फोटो पाहणारा चेहरा दिसला.

"कोणी नाही," तो म्हणाला. "भूत असन. अमावस्या आताच गेली. हे असंच नावानं हाक मारते. ओ देऊ नका."

अन् बाहेरचा दिवा त्यानं बंद केला.

पोट्टेहो, गावाले आजही वाटते की पंजाबरावले खरंच भूत वाटलं होतं. तसं नव्हतं. त्याले समजत होतं, बाहेर माणूस हाये. वळखीचा हाये. बिमार हाये. तरी तो म्हणाला, भूत.

बाहेरून अजून एक हाक आली. बारीक.

"नलूताई... पानी..."

आतल्या खोलीत नलू उठून बसली. हे तिनंच तुमच्या आजीले सांगतलं, रडत रडत. पंजाबराव दारात जाऊन उभा राह्यला अन् हातानंच खुणावलं, झोप. ती झोपली. दीपानं तोंडावर पांघरूण घेतलं. एवढ्या घरात सहा माणसं जागी, अन् एकही बोललं नाही.

मंग पाय ओढत चालल्याचा आवाज आला. घराच्या बाजूनं. मागं.

मागं ढोरायचा कोठा, अन् कोठ्याले लागून एक टिनाची खोली. पंजाबरावची आई भुरीबाई तिथं राहे. तिले सुनेच्या घरात करमत नसे. म्हणे मले माह्या बकऱ्या दिसल्या पाह्यजेत. त्याच साली संक्रांतीले ती वारली. खोलीले कुलूप लागलं, अन् किल्ली पंजाबरावच्या करदोट्याले.

पंजाबराव ऐकत पडला होता.

पाय थांबले. काहीतरी पडल्यासारखं झालं. माणूस पडते तसं.

पाऊसही थांबला.

मंग... दार करकरलं.

मागच्या खोलीचं दार. ते तसंच करकरे, अर्धं उघडलं की अडके, अन् मंग खालून घासत जाये. पंजाबरावनं तो आवाज लहानपणापासून ऐकला होता.

त्याचा हात कमरेले गेला. किल्ली होती.

खोकला ऐकू आला. म्हाताऱ्या बाईचा... कोरडा. दोनदा. मंग थांबून एकदा.

मंग आवाज.

"ये बाप्पा... ये... असा ये..."

पंजाबराव हलला नाही.  बाजूले फुलचंदराव उठून बसलेला. तोही ऐकून राह्यला होता. हळूच म्हणाला, "घरात म्हातारं माणूस हाये काय?"



मागून माठात गिलास बुडवल्याचा आवाज... मंग पाणी पिल्याचा... मंग कोणीतरी गुणगुणते, लेकराले थोपटते तसं...

लय वेळ.

कोंबडा आरवला तेव्हा ते थांबलं.

उजाडल्यावर पंजाबराव मागं गेला. कुलूप जागच्या जागी. पावसानं गंजलेलं. किल्ली फिरेना, घासलेट टाकून फिरवा लागली. दार उघडलं.

बाजेवर ओमोंडी निजला होता. श्वास चालू. कपाळावर ओली पट्टी, हिरव्या लुगड्याच्या काठाची. आत यायले दुसरा रस्ता नाही. खिडकी नाही. टिन सारे जिथल्या तिथं. पंजाबराव दाराले धरून खाली बसला.

मागून पाहुणे आले. फुलचंदरावनं बाजेवरचा माणूस पाह्यला, पट्टी पाह्यली. अन् त्यानंच रस्ता काढून दिला. म्हणाला, "रात्री हाच होता काय? तुमच्या बाईनंच आणून निजवलं?"

पंजाबराव हो म्हणाला.

"तुमची झोप मोडाले नको म्हणून बोललो नाही," असंही म्हणाला. मायची सेवा त्यानं आपल्या घराच्या नावावर लावून घेतली. फुलचंदरावनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाला की असं घर भेटाले नशीब लागते. त्याच दारात सोयरीक पक्की झाली. पेढे तिथंच वाटले. बाजेवरचा माणूस कण्हत होता अन् हे पेढे खात होते.

मंग त्याले गाडीत टाकून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला, मोठा. डॉक्टर म्हणाला, रात्री पाणी-पट्टी झाली नसती तं हाती लागला नसता.

चार-पाच दिवसांनं ओमोंडी उठून बसला. पंजाबराव भेटाले गेला तं त्यानं त्याचे दोन्ही हात धरले अन् डोळ्याले लावले. आई कुठं हाये म्हणून विचारलं. पंजाबराव म्हणाला, लेकीकडं गेली. ओमोंडी म्हणाला, लय चांगली आई. रातभर जागली. रातभर एकच गोष्ट सांगत होती. मले सारी समजली नाही, पण पाठ झाली.

अन् त्यानं ती म्हणून दाखवली. त्याच्या परदेशी जिभेवर भुरीबाईचे शब्द. तिचाच हेल. ती जिथं थांबे तिथं थांबून.

"राग नोको धरू बाप्पा. माह्या लेकाले लायनपनापासून भेव लागते."

पंजाबरावनं हे सांगतानी इथं येऊन पाणी मागतलं. मी त्याले पाणी दिलं.

ओमोंडीनं विचारलं, बाकी समजते थोडं थोडं. भेव म्हंजे काय?

पंजाबरावनं आपले हात सोडवून घेतले.

"भेव म्हंजे..." तो म्हणाला. "भेव म्हंजे ताप."

झालं. त्या भल्या माणसानं तो शब्द धरून ठेवला. नवीन भाषेतला शब्द, अन् जीव वाचवणाऱ्या बाईच्या तोंडचा. जो भेटन त्याले सांगे. फेब्रुवारीत दीपाचं लग्न झालं, मी होतो तिथं. हा पांढरा सदरा घालून आलता. पंगतीत कोणी तब्येत विचारली तं उभा राहून सांगाले लागला, हात जोडून, साऱ्यायले ऐकू जाईन असा.

"मले लय भेव होता. पंजाबभाऊच्या घरी लय भेव होता. आई होती, म्हणून मी वाचलो."

लोकं हसले. वाईट नाही हसले. म्हणाले, बिचाऱ्याले ताप म्हणायचं हाये. आई म्हंजे नलू, असं समजले. फुलचंदरावही हसला. नलू पदर तोंडाले लावून आत निघून गेली. पंजाबरावच्या हातात वरणाची बादली होती. तो ती धरून पंगतीत तसाच उभा राह्यला, अन् मागून वरण, वरण म्हणून लोकं हाका मारत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ओमोंडी आपल्या देशात गेला. जातानी मागच्या खोलीच्या दाराच्या पाया पडून गेला. भुरीबाई मेलेली हाये, हे त्याले कोणी सांगतलं नाही. पंजाबराव सांगतो सांगतो म्हणत राह्यला, अन् गाडी निघून गेली.

हे सारं त्यानं मले कधी सांगतलं, तर याच वर्षी, उन्हाळ्यात. मी एक रात्र मुक्कामी होतो. दोघंच समोरच्या खोलीत निजलो, जिथं पाहुणे निजले होते तिथंच. सांगून झालं अन् तो भिंतीकडं तोंड करून पडला. मी म्हटलं, दार उघडंच हाये, मी कडी लावतो.

"कायले लावता, सदाशिवराव?" तो तिकडूनच म्हणाला. "उघडाले मायले उठा लागते."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दार लोटलं, कडी घातली, ओढून पाह्यली. पक्की होती. मले झोप लागली नाही. पंजाबराव हलला नाही. कोणाचं पाऊल वाजलं नाही. काहीच वाजलं नाही...

उजाडलं तं दार सताड उघडं होतं.

कडी मात्र कोयंड्यातच होती. मी घातली होती, तशीच.